गच्चीवरून : तहान की भूक?

दिवाळीआधी गच्चीवर छोटं पॉलिहाऊस उभारलं, तेव्हा सासूबाईंची वाळवणाची जागा गेली. त्या काही बोलल्या नाहीत. म्हणूनच मार्चमध्ये टोमॅटोंची बुडं काळी पडायला लागली, तेव्हा मला त्यांच्यासमोर जायची लाज वाटू लागली.

मातीविना शेतीत जादू काही नाही. 12 बादल्यांत कोकोपीट, आणि पंपाने दिवसातून अनेकदा खताचं पाणी. पाण्याचा सामू 5.5 ते 6.5, आणि क्षार मोजणाऱ्या ईसी मीटरवर आकडा 2 ते 3.5. कॅल्शियम नायट्रेटचं दाट द्रावण मात्र वेगळ्या डब्यात. सल्फेट-फॉस्फेटच्या दाट द्रावणात ते थेट ओतलंत तर पांढरा गाळ बसतो, खत फुकट जातं आणि नळ्या तुंबतात.

हे सगळं मी पाळत होते, तरी फळांचा खालचा भाग चामड्यासारखा काळा. कॅल्शियम कमी पडतंय, असं वाचलं आणि मी ते वाढवलं. आठ दिवसांत आणखी फळं बिघडली. मीटरवर 4.2!

त्या दिवशी सासूबाई वर आल्या. खाली कैरीच्या फोडी मीठ लावून ठेवल्या होत्या.

"अगं, मीठ लावलं की कैरीचंच पाणी बाहेर येतं. तू झाडांच्या पायाशी एवढं खारट ओततेस, ती पाणी ओढणार कशी?"

नेमकं तेच होतं. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि बहुतेक पानांकडे जातं, कारण पाणी उडून जातं ते पानांतून. फळाच्या वाट्याला थोडंच येतं, आणि ओढाताण झाली की देठापासून सर्वांत लांबचं बूड आधी उपाशी राहतं. त्यात उन्हाळा. झाड पाणी भराभर पितं, खत तेवढं घेत नाही, म्हणून टाकीतलं उरलेलं पाणी रोज जास्त खारट होतं. आणि मी वरून खताचंच पाणी भरत होते!

मग साधं पाणी घालून आकडा 2.2 वर आणला. दुपारी पंप थोडा थोडा वेळ, पण जास्त वेळा चालवला. वर हिरवी जाळी टाकली. काळी फळं सुधारत नाहीत, ती तोडून टाकली. नंतर धरलेली स्वच्छ निघाली.

'फुलं येतात, फळ धरत नाही' असं तुमच्यापैकी काहींनी कळवलं होतं. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, पण पराग झडायला हलवावं लागतं, आणि बंद घरात वारा नसतो. हॉलंडच्या काचघरांत 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून या कामाला बंबलबी नावाच्या केसाळ माश्या सोडतात. माझ्याकडे मुलाचा जुना बॅटरीचा टूथब्रश आहे. सकाळी दहा-अकराला फुलांच्या देठाला क्षणभर लावायचा, बस्स.

पण पारा 35 च्या वर राहू लागला आणि रात्रीही गार होईनात की हेही चालत नाही, फुलंच गळतात. इंदूरच्या मेमध्ये हट्ट करण्यात अर्थ नाही. बी आता ऑगस्टमध्ये टाकीन.

बादल्या कडेला रचल्यात, वरचं प्लास्टिक गुंडाळलंय. सध्या तिथे साबुदाण्याच्या पापड्या वाळताहेत.