न आलेल्या पानाचा भाव

दिवाळीच्या तीन पत्तीवर वाढलेला माणूस पोकरच्या टेबलावर बसला की एका ठिकाणी हमखास अडखळतो. तीन पत्तीत हातात आलं ते आलं, पुढे पान यायचंच नसतं. चाल करा नाहीतर पॅक व्हा. टेक्सस होल्डेममध्ये दोन पानं हातात आणि पाच टप्प्याटप्प्याने टेबलावर. मधल्या वेळात माणूस न आलेल्या पानाच्या प्रेमात पडायला मोकळा. हातात इस्पिकची दोन, फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत, इस्पिकची दोन. आणखी एक पडलं की फ्लश. या घडीला साधी जोडीही नाही, पण पत्ते टाकवत नाहीत.

टाकावेत का? तेरापैकी चार इस्पिक दिसली, नऊ उरली. न दिसलेली पानं ४७. पुढच्या दोन पानांत एक तरी इस्पिक पडण्याची शक्यता ३५ टक्के. हा आकडा पोकर शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात पाठ होतो, आणि आमच्या मते अडाणीपणाने बुडाले नसतील इतके लोक या पाठांतराने बुडाले. कारण ३५ टक्के हा दोन पानांचा भाव आहे. आपण पैसे मोजतो ते बहुतेक वेळा एकाच पानाचे.

समजा पॉटमध्ये ६०० रुपये आहेत आणि समोरच्याने ३०० लावले. आपले ३०० पडले की पॉट १२००. म्हणजे चारांतला एक डाव जिंकला तरी बरोबरी, २५ टक्के. पस्तीस पंचविसापेक्षा मोठे, मग टाका पैसे! इथेच गफलत होते. त्या ३०० रुपयांत फक्त टर्नचं, म्हणजे टेबलावरचं चौथं, पान दिसतं आणि ते इस्पिक असण्याची शक्यता १९ टक्के. नाही पडलं की समोरचा पुन्हा ६०० पुढे सरकवतो, आणि शेवटच्या पानाची शक्यता अजूनही विसाच्या आतच. पस्तीसचा आकडा खरा केव्हा? फ्लॉपवरच दोघांपैकी एकाचे सगळे पैसे आत गेले आणि उरलेली दोन्ही पानं पुढे काही न मोजता दिसणार असली तर.

यावर ठरलेलं उत्तर असतं: फ्लश लागल्यावर वसूल करीन. करा की! पण टेबलावर तिसरं इस्पिक पडलेलं समोरच्यालाही दिसतं, आणि त्याचा हात एकदम आखडतो. नाहीच आखडला तर जास्तच सावध व्हावं. आपल्या सत्ती-छक्कीच्या फ्लशवर कुणाची तरी राणी बसलेली असू शकते. त्यामुळे मोठी बोली आली, मागे वसुलीजोगे पैसे नाहीत आणि हातातली इस्पिक बारकी आहेत, अशा वेळी हा देखणा हात सरळ टाकावा. रमी खेळणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. पहिल्याच पाळीत ड्रॉप घेतला तर २० गुण, मधेच सोडला तर ४०, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

मात्र प्रत्येक ड्रॉ, म्हणजे पानाची वाट पाहणारा हात, टाकत बसणं हा निव्वळ भित्रेपणा. हातात इस्पिकची अठ्ठी-सत्ती, टेबलावर इस्पिकची नव्वी-छक्की आणि बदामाची दुर्री. इथे इस्पिक चालतं, दश्शी चालते, पंजीही चालते. पंधरा पानं आपली. दोन पानांत त्यातलं एक येण्याची शक्यता ५४ टक्के. समोर तीन नव्व्या असल्या तरी आपला वाटा चाळिशीच्या आसपास राहतो. हा हात टाकणाऱ्याने पत्त्यांऐवजी कॅरम खेळावा. आणि असा हात नुसता कॉल करत ओढत नेण्यापेक्षा स्वतःच बोली वाढवावी. पान आलं तर जिंकलो, आणि त्याआधी समोरचाच पळाला तरी जिंकलो.

लास वेगासला २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत हेच झालं. ८३९ खेळाडूंतून दोघे उरले होते: टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर आणि मुरलेला सॅमी फार्हा. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती. टर्नपर्यंत टेबलावर तीन इस्पिक, शिवाय पंजी किंवा दश्शी आली तर सरळ रांग. त्याने तिथेच बोली वाढवली. शेवटी बदामाची तिर्री पडली, म्हणजे काहीच नाही. तरी त्याने सगळे चिप्स आत सारले. फार्हाकडे नव्वीची जोडी होती, म्हणजे तो पुढे होता. त्याने बराच विचार केला आणि पत्ते टाकले. पंचवीस लाख डॉलरांचं पहिलं बक्षीस मनीमेकर घेऊन गेला.

गंमत म्हणजे तो तिथवर पोचला होता स्वस्तातल्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून. या प्रकारात पहिल्या ठरावीक जणांना मोठ्या स्पर्धेचं सारखंच तिकीट मिळतं. ढिगाने चिप्स जमवणाऱ्याला दोन तिकिटं मिळत नाहीत. एकच माणूस बाद व्हायचा उरलाय, आपले चिप्स पुरेसे आहेत आणि कोपऱ्यातल्या कुणाकडे दोन फेऱ्यांपुरतेच शिल्लक आहेत, अशा वेळी मोठ्या चिप्सवाल्याने ऑल-इन केलं तर पंधरा पानांचा ड्रॉ राहू द्या, एक्क्यांची जोडीसुद्धा टाकावी आणि चहा मागवावा.