विश्लेषण : घाटात व्हॅन तापते, तेव्हा नेमके काय बिघडते?

एप्रिल-मे म्हणजे बीड जिल्ह्यात लग्नसराईचे आणि देवदर्शनाचे दिवस. ओम्नी किंवा ईकोसारखी घरची व्हॅन, आत दाटीवाटीने बसलेले कुटुंब, टपावर सामान आणि समोर मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट. अर्ध्या चढावर तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागतो. पुढचे बहुधा ठरलेले असते. ‘वर पोहोचल्यावर बघू’ म्हणत गाडी रेटली जाते, वर गेल्यावर बाटलीतले पाणी रेडिएटरमध्ये ओतले जाते आणि प्रवास पुन्हा सुरू होतो. इंजिनाचे दोष मात्र ऊन आणि घाट यांच्या माथी मारले जातात. खरे नुकसान या दोन सवयीच करतात : रेटणे आणि नुसते पाणी ओतणे.

इंजिन थंड कसे राहते?

पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा लहानसा हिस्साच चाके फिरवण्यास कामी येतो. बरीचशी उष्णता धुराबरोबर बाहेर जाते आणि जवळपास एक-तृतीयांश शीतक यंत्रणेला बाहेर टाकावी लागते. इंजिनाभोवती फिरणारे कूलंट ही उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये येते, हवेने निवते आणि परत जाते. त्याला फिरवतो वॉटर पंप. इंजिन पुरेसे गरम होईपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट अडवतो थर्मोस्टॅट. गाडी उभी असताना हवा ओढतो पंखा.

यातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरचे झाकण. त्याचे काम प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे आहे. उघड्या भांड्यातले पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. पण झाकणाने धरलेला दाब आणि योग्य प्रमाणातले कूलंट यांमुळे हीच मर्यादा १२० अंशांच्या आसपास जाते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली की दाब टिकत नाही आणि बाकी सारे ठीक असूनही गाडी उकळते.

बीडमध्ये हा त्रास अधिक का जाणवतो?

एक कारण भूगोलाचे. बालाघाटाच्या रांगांमुळे जिल्ह्यात चढ-उताराचे रस्ते आहेत आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढते, तेव्हा इंजिन जोरात फिरते, पण वेग कमी असल्याने रेडिएटरला वारा कमी मिळतो.

दुसरे कारण पाण्याचे. मराठवाड्यातल्या बेसाल्ट खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापवायच्या हिटरच्या रॉडवर जो पांढरा थर चढतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या आतल्या वाटांत बसतो. तो उष्णता अडवतो आणि वाटही अरुंद करतो. शिवाय नुसत्या पाण्यात कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये नसतात. म्हणजे गाडी तापते म्हणून बोअरचे पाणी घातले जाते आणि तेच पाणी गाडी पुन्हा तापण्याची तयारी करते.

तिसरे कारण गाड्यांचे वय. १९८४ मध्ये आलेल्या आणि पुढे ओम्नी या नावाने घरोघरी पोहोचलेल्या व्हॅनचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. ईको २०१० पासून रस्त्यावर आहे. त्यामुळे अनेक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. त्यातच या व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. बॉनेट उचलून सहज डोकावण्याची सोय नाही. म्हणून बारीक गळती महिनोन्महिने दिसत नाही.

दोष नेमका कसा ओळखायचा?

गाडी ‘कधी’ तापते, हा पहिला प्रश्न. बीड किंवा परळीच्या बाजारात, फाटकाशी उभी असताना तापते आणि रस्त्याला लागली की निवते, तर संशय पंख्यावर : फ्यूज, रिले, पंख्याची मोटर किंवा तो सुरू करणारा सेन्सर. उलट गावात ठीक चालते, पण घाटात किंवा महामार्गावर वेगात तापते, तर रेडिएटर आतून क्षारांनी किंवा बाहेरून धूळ, किडे, पाचटाच्या कचऱ्याने तुंबलेला असू शकतो; कूलंट कमी असणे किंवा पंप थकणे हीदेखील कारणे असतात.

सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा चढला आणि रेडिएटरकडे जाणारा खालचा पाइप मात्र थंडच राहिला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता मोठी. काटा वर आहे, पण हीटरमधून थंड हवा येते, याचा अर्थ कूलंट कमी आहे किंवा यंत्रणेत हवा अडकली आहे. सीटखाली इंजिन असलेल्या गाड्यांत पाइप लांब असतात. म्हणून कूलंट भरल्यावर हवा नीट काढणे महत्त्वाचे.

कुठे गळती दिसत नाही, तरी पातळी रोज उतरते, हे लक्षण सर्वांत गंभीर. एक्झॉस्टमधून गरम इंजिनातही दाट पांढरा धूर, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, ऑइलला दुधाळ चहासारखा रंग, यांपैकी काहीही दिसले तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा आणि गाडी टोइंग करूनच न्यावी.

घाटात काटा चढला तर काय करावे?

आधी एसी बंद. गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण सुरू करावा. आतल्यांना त्रास होतो, पण इंजिनातली थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. सुरक्षित जागा दिसताच गाडी कडेला घ्यावी, चाकामागे दगड लावावा, इंजिन बंद करावे आणि सर्वांना रस्त्यापासून दूर उतरवावे. नव्या अनेक गाड्यांत काटा नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागला की ‘अजून थोडे’ ही सवलत संपली, असे समजावे.

रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी तोंडावर आणि हातांवर उडते. किमान अर्धा तास थांबून, वरचा पाइप हाताला सोसवेल इतका निवल्यावरच, जाड फडक्याने झाकण हळूहळू सैल करावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. धातूला तडा जाऊ शकतो. अडचणीत मिळेल ते स्वच्छ पाणी भरून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते, पण ती तात्पुरती सोय आहे. नंतर यंत्रणा धुऊन कूलंट आणि डिस्टिल्ड पाण्याचे मिश्रण गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात भरलेच पाहिजे.

थर्मोस्टॅट काढून टाकावा का?

‘आपल्याकडे ऊन आहे, थर्मोस्टॅट कशाला?’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन उशिरा तापते, जास्त पेट्रोल पिते आणि लवकर झिजते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर कूलंटचा काही भाग रेडिएटर टाळूनच फिरत राहतो आणि भरल्या गाडीत ताप वाढतो. बिघडला असेल तर बदलावा. गॅरेजमध्येही ‘रेडिएटर बदला’ हे ऐकण्याआधी झाकण तपासले का, दाब देऊन गळती पाहिली का, पंखा आपोआप सुरू होतो का, हे तीन प्रश्न विचारावेत. झाकण आणि थर्मोस्टॅट हे स्वस्त भाग आहेत. हेड उतरवण्याचे काम त्याच्या कित्येक पट महाग पडते.

थांबणे इतके अवघड का वाटते?

कारण गाडीत बसलेल्यांना पोहोचायचे असते. मुहूर्त असतो, किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात रुग्ण न्यायचा असतो. घाई खोटी नसते. पण अ‍ॅल्युमिनियमचे हेड जास्त तापून वाकले की गाडी घाटातच कायमची थांबते, आणि मग रुग्णही तिथेच अडकतो. थांबून, निववून किंवा दुसरी गाडी बोलावून गेलेला वेळ भरून निघतो; वाकलेले हेड रस्त्यात सरळ होत नाही.

याच जिल्ह्यातले परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राला थंड करण्याची सोय नसेल, तर ते चालवायचे नसते. तिथे एवढी वीज बुडाली, तरी हा नियम पाळावा लागला. घरच्या व्हॅनचा नियम वेगळा नाही. लग्नसराईआधी इंजिन थंड असताना कूलंटची पातळी, झाकण, पाइप आणि पंखा पाहायला पंधरा मिनिटे लागतात. तेवढी सवय लागली, तर घाटातले दगड लावायची वेळ बहुतेकांवर येणार नाही.