अडचण दाखवा, विद्यार्थी नको



पोर्टल अडलं की आपण काय करतो? स्क्रीनशॉट काढतो आणि ग्रुपवर टाकतो. "सर, हा एरर येत आहे, कृपया मार्गदर्शन करा." खाली हात जोडलेले दोन इमोजी. थोड्याच वेळात तालुक्यातले कुणीतरी जाणकार सर उत्तर देतात आणि आपलं काम होतं. एकमेकांना मदत करायची ही सवय फार चांगली आहे, ती मोडू नये. माझं म्हणणं त्या फोटोतून आणखी काय काय जातं, याबद्दल आहे.

तो स्क्रीनशॉट एकदा परक्या माणसाच्या नजरेने बघा. एररची लाल ओळ एकच. बाकी सगळं लेकराचं: पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, आधार क्रमांक, वडिलांचा मोबाइल, कधी दिव्यांगत्वाची नोंदसुद्धा. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ पर्यंत सदस्य असू शकतात. अनेकांच्या फोनमध्ये फोटो आपोआप उतरतो, गॅलरीत बसतो, तिथून बॅकअपला जातो. मग तुम्ही 'सर्वांसाठी हटवा' केलं तरी ज्याने तो पुढे पाठवला किंवा वेगळा जतन केला, त्याच्याकडे तो राहतोच.

आपल्या बुटीबोरीसारख्या ठिकाणी हे जास्त होतं. एमआयडीसीच्या कामासाठी बाहेरच्या राज्यांतून कुटुंबं येतात. मुलाच्या आधारवर नावाचं एक स्पेलिंग, टीसीवर दुसरं, जन्मतारीख तिसरीच. आधार जुळत नाही. आणि संचमान्यता आधार-वैध पटाशी जोडली गेल्यापासून एकेका मुलाची नोंद म्हणजे शिक्षकाच्या पदाचा प्रश्न झाला आहे. शेवटची तारीख उद्याची, सर्व्हर संथ, वरून फोन चालू. अशा वेळी नाव झाकत कोण बसणार? हे मला कळतं. पण दुसरी बाजूही बघा. शिफ्टला जाता जाता एखादी आई मुलाचं आधार कार्ड आपल्या हातात देते, ते शाळेवरच्या भरवशावर. ते तालुकाभर फिरलं, हे तिला कधी कळतही नाही. कळलं तरी भाड्याच्या खोलीत राहणारी ती बाई तक्रार करायला कुठं जाणार?

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. ऑक्टा ही अमेरिकन कंपनी मोठमोठ्या कंपन्यांची लॉगिन व्यवस्था सांभाळते. म्हणजे कुलपं सांभाळणारीच कंपनी. ग्राहकाला अडचण आली की तिचे मदतनीस त्याच्याकडून ब्राउझरची 'हार' नावाची लॉग फाइल मागवत. लॉग फाइल म्हणजे संगणकाची रोजवही: कोणतं पान उघडलं, काय पाठवलं, काय परत आलं. या फाइलमध्ये लॉगिन झाल्यावर मिळणारं टोकनही राहू शकतं, आणि ते हाती लागलं तर पासवर्डशिवायही आत शिरता येतं. २०२३च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चोर ऑक्टाच्या मदत-विभागातच घुसले. कंपनीच्या म्हणण्यानुसार १३४ ग्राहकांच्या फाइली त्यांच्या हाती लागल्या आणि त्यातल्या ५ ग्राहकांकडे चोरलेली टोकनं वापरली गेली. फाइली ग्राहकांनी स्वतःच दिल्या होत्या, मदत हवी म्हणून.

आपल्या देशातलं उदाहरण तर सगळ्यांच्या ओळखीचं. मार्च २०१७ मध्ये महेंद्रसिंग धोनीने आधारचं काम केलं आणि त्याची खासगी माहिती दिसणारा अर्ज ट्विटरवर झळकला. त्याच्या पत्नीने जाहीर तक्रार केली, तेव्हा ते केंद्र १० वर्षांसाठी काळ्या यादीत गेलं. धोनी होता म्हणून दखल घेतली गेली. आपल्या चौथीतल्या पोराची कोण घेणार?

मग करायचं काय? एररची ओळ तेवढीच कापून पाठवा. बहुतेक वेळा जाणकाराला तेवढंच लागतं: पोर्टल कोणतं, कोणत्या पानावर, कोणतं बटण दाबल्यावर, संदेश काय आला. झाकायचंच असेल तर ठोस काळा चौकोन टाका. मोबाइलमधल्या हायलायटरची रेघ बरेचदा अर्धपारदर्शक असते; फोटो थोडा उजळला की खालचे आकडे दिसू लागतात. एक्सेलमध्ये कॉलम 'हाइड' केला म्हणजे तो गेला असं समजू नका, फाइल उघडणारा तो एका क्लिकमध्ये परत आणतो. कॉलम काढूनच टाका. वरची पत्त्याची पट्टीही कापा, कधीकधी त्यातही क्रमांक असतात. आणि हो, नाव झाकून "इयत्ता तिसरी, दिव्यांग, मुलगी" एवढं ठेवलंत तर नऊ पटाच्या वर्गात अख्खं गाव तिला ओळखतं. एखादं प्रकरण खरंच पूर्ण दाखवावं लागलं तर ते एकाच जबाबदार माणसाला दाखवा, शक्यतो समोर बसून. पासवर्ड किंवा ओटीपी मात्र कुणालाच नाही, तो कितीही ओळखीचा ऑपरेटर असो.

सगळा भार शिक्षकावर टाकणं मला मान्य नाही. "ज्यांचे आधार अवैध आहेत त्यांची नावं व क्रमांक ताबडतोब ग्रुपवर टाका" असा निरोप वरूनच आला तर खालच्याने काय करावं? आधार कायद्याच्या कलम २९ नुसार कुणाचा आधार क्रमांक असा जाहीर करता येत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल 'बालक' आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. या कायद्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मग यादी मागवणाऱ्याने ग्रुपऐवजी सुरक्षित जागा द्यावी, अडचण नोंदवायला चालू असणारा एक फोन नंबर द्यावा. हे मुख्याध्यापकांनी सभेत लेखी मागावं. एकट्या शिक्षकाने म्हटलं तर "तुमचंच काय वेगळं" असं ऐकावं लागतं, केंद्रातल्या सगळ्या शाळांनी मिळून म्हटलं तर वजन पडतं.

पालकहो, तुम्हीही शाळेत आधारची झेरॉक्स देताना ती कुठे ठेवणार, हे विचारा. विचारलं म्हणून कोणी रागवत असेल तर रागवू द्या. आणि वर्गाच्या ग्रुपवर शिष्यवृत्तीची अडचण विचारताना बँक पासबुकाचा फोटो टाकू नका. "खातं आधारशी जोडलेलं दिसत नाही, काय करू?" एवढं लिहिलं तरी आम्हाला समजतं.