मेलेलं गिधाड पुरू नका

शेतात, सड्यावर किंवा कड्याच्या पायथ्याशी मेलेलं गिधाड दिसलं, तर ते पुरू नका, जाळू नका, ओढ्यात ढकलू नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि माणसं येईपर्यंत कुत्री जवळ फिरकणार नाहीत एवढं बघा. आज आपल्याकडे जी थोडी गिधाडं उरली आहेत, ती अशाच मेलेल्या गिधाडांच्या तपासणीमुळे उरली आहेत.

१९९०च्या दशकात राजस्थानातल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांना गिधाडांची घरटी ओस पडताना दिसू लागली. झाडावर मान खाली टाकून बसलेला पक्षी काही दिवसांत खाली पडलेला सापडे. आधी संशय साथीच्या रोगावर होता, विषाणूचा शोध चालला होता. अडचण एकच, पण मोठी. आपल्या उन्हात मढं तपासणीच्या टेबलापर्यंत पोचण्याआधीच सडतं. उत्तर आलं ते पाकिस्तानातून. संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिधाडांची ताजी मढी उघडली, तेव्हा आतल्या अवयवांवर चुन्याचा हात फिरवल्यासारखा पांढरा थर दिसला. तो युरिक आम्लाचा होता. मूत्रपिंडं निकामी झालेली २५ गिधाडं तपासली, तर पंचविसांच्याही शरीरात डायक्लोफिनॅक सापडलं. गाईम्हशींना ताप-सूज उतरवायला टोचतात, तेच औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला आणि २००६ साली भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली.

तोवर फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढरपुठ्ठी गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. गुराच्या एका मढ्यावर अख्खा थवा उतरतो आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. त्यामुळे शंभर मढ्यांमागे एकातही औषध नसलं, त्याहून कमी प्रमाण असलं, तरी सगळी जात संपायला ते पुरतं, हे संशोधकांनी गणित मांडून दाखवलं. गिधाडं गेली, मढी उघड्यावर कुजू लागली, भटकी कुत्री वाढली. ईयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांच्या अंदाजानुसार २००० ते २००५ या पाच वर्षांत त्यापायी सुमारे पाच लाख माणसं जास्तीची दगावली. गिधाडांचं मरण हे फक्त पक्षिमित्रांचं दुखणं नव्हतं, कधीच नव्हतं.

बंदी आली तरी पळवाटा राहिल्या. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत होत्या. त्या बंद व्हायला २०१५ साल उजाडलं. असिक्लोफिनॅक हे दुसरं वेदनाशामक गाईच्या शरीरात गेलं की त्याचं डायक्लोफिनॅकच होतं, तरीही ते आणि किटोप्रोफेन यांच्यावर बंदी आली २०२३मध्ये. दर वेळी तोच क्रम: औषध आधी बाजारात, मग पक्षी मरणार, मग कुणीतरी वर्षानुवर्षं पुरावा गोळा करणार, मग सरकार हलणार. हा क्रमच उलटा केला पाहिजे. गुरांचं नवं वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित आहे हे सिद्ध झाल्याशिवाय त्याला परवाना देऊ नये, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांपर्यंत गेलीच पाहिजे.

महाराष्ट्राचा यात थेट वाटा आहे. रायगडात श्रीवर्धन-म्हसळ्याच्या बाजूला उंच झाडांवर पांढरपुठ्ठ्या गिधाडांची घरटी आहेत, तर नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं २०२४च्या जानेवारीत पेंच आणि ताडोबाला आणली. नंतर अंगावर टॅग लावून सोडलेल्या पक्ष्यांपैकी एक पार तामिळनाडूत पोचलं. म्हणजे चंद्रपूरचं गिधाड वाचवायचं तर वाटेतल्या हरेक गावचा गोठा निर्धोक हवा. जंगलाला कुंपण घालून हे काम होणारं नाही. टॅग, मोजणी, शवविच्छेदन ही कामं वर्षानुवर्षं चालवावी लागतात, आणि त्यांना निधी हवा तो सलग. बातमी आली की पैसे, बातमी विरली की खडखडाट, असं चालणार नाही.

पशुपालकांनो, जनावराला सूज आली तर डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅमच मागा. ते गुरांना लागू पडतं आणि गिधाडांना मारत नाही, हे तपासून झालेलं आहे. औषध दुकानदारांनो, गुरांसाठी म्हणून माणसांचं डायक्लोफिनॅक देऊ नका. आणि सरपंचांनो, येत्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मेलॉक्सिकॅमचा साठा कायम असावा हा एक. उपचार चालू असताना दगावलेलं जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरावं हा दुसरा. ठरावाची प्रत तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या.