ब्रेकर टाका, पण मोजून

शनिवार उजाडला की साळावचा पूल ओलांडून पर्यटकांच्या गाड्या सुरू होतात. कोर्लई, काशीद, नांदगाव करत मुरुडपर्यंत. रस्ता अरुंद, कुठे वाडीचा गडगा तर कुठे घराची पायरी अगदी डांबराला टेकलेली. एखादं पोर गाडीखाली येता येता वाचलं की गाव एकच मागतं : इथे ब्रेकर टाका. मागणी शंभर टक्के रास्त आहे. माझी तक्रार आहे ती त्यानंतर उरल्यासुरल्या खडी-डांबराचा जो उंचवटा रातोरात उभा राहतो, त्याबद्दल.

भारतीय रस्ते काँग्रेसने 1988 मध्येच मापं ठरवून दिली आहेत. गोलसर पाठीचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद, मधोमध उंची फक्त 10 सेंटिमीटर. वर काळे-पांढरे पट्टे, 40 मीटर आधी फलक. ताशी 25 किलोमीटरने येणारा सहज पार व्हावा, जोरात येणाऱ्याला दणका बसावा, असा तो हिशेब. हातभर रुंदीच्या उभट ब्रेकरवर हा हिशेबच उलटतो. भरधाव मोठ्या गाडीचे स्प्रिंग तो धक्का पचवतात, आणि जपून चाललेल्या स्कूटरवर मागे एका बाजूला बसलेली, मांडीवर मासळीची पाटी धरलेली बाई मात्र उचलून आपटली जाते. केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार 2015 या एका वर्षात गतिरोधकांवरच्या अपघातांत देशात 3,409 माणसं गेली.

त्यात आपला पाऊस. पट्टे पुसले जातात, ब्रेकरच्या पायथ्याशी पाणी तुंबतं, खड्डा पडतो. म्हणून कडेला पाणी जायला वाट हवी आणि पावसाळा सरला की पुन्हा रंग हवा.

जागाही विचार करून ठरवावी. गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे गल्लीच्या तोंडावर, शाळेसमोर ब्रेकर हवाच. पण अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात निघालेली बाळंतीण याच रस्त्याने जाते, हे विसरून कसं चालेल?

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198-अ आलं. रस्त्याच्या कामात मानकं धाब्यावर बसवल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा अर्जात नुसतं ‘ब्रेकर हवा’ लिहू नका. रुंदी, उंची, पट्टे, फलक, सगळं लिहा, पोच घ्या, आणि काम सुरू होईल त्या दिवशी टेप घेऊन तिथे उभे राहा.