परिचारिकेच्या माथीं खापर

देवगाव फाट्याकडील गरिबाचें दुखणें सेलूस न निभावल्यास परभणीस जातें, आणि तेथेंही न निभावल्यास नांदेडास. त्या नांदेडच्या शासकीय रुग्णालयांत ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ या दोन दिवसांतील चोवीस तासांत २४ रोगी दगावले. त्यांत १२ नवजात अर्भकें होतीं. अधिष्ठाते म्हणाले, बदल्यांमुळें माणसें अपुरीं पडलीं. सरकार म्हणालें, तुटवडा नव्हता. लगोलग एका खासदारानें अधिष्ठात्यांच्याच हातीं झाडू देऊन शौचकूप स्वच्छ करविलें. त्या झाडूनें कक्षांतील एकही परिचारिका वाढली नाहीं!

ही आतां रीतच झाली आहे. जानेवारी २०२१ मध्यें भंडाऱ्याच्या आगींत १० अर्भकें गेलीं. पुढें गुन्हा नोंदला गेला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अहमदनगरच्या आगींत ११ रोगी गेले. प्रथम अटक झालेल्या चौघांत तिघी परिचारिका. कसुरीस शिक्षा अवश्य व्हावी; परंतु त्या घटकेस एकीच्या पदरीं किती रोगी होते, हा चौकशीचा पहिला प्रश्न नसावा काय?

भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक स्पष्ट आहे: शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत साध्या कक्षांतील दर तीन रोग्यांमागें एक परिचारिका, अतिदक्षता कक्षांत दर खाटेस एक, आणि रजेसाठीं शेंकडा ३० अधिक. हा लाड नव्हे. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियांतील रुग्णालयांचा २००२ सालीं प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो कीं, परिचारिकेमागें एक रोगी वाढला कीं शस्त्रक्रिया झालेल्यांच्या मृत्यूचा संभव शेंकडा ७ नीं वाढतो, आणि तिच्या स्वतःच्या शक्तिपाताचा शेंकडा २३ नीं. थकलेल्या डोळ्यांस सलाईन संपलेलें दिसत नाहीं, एवढाच याचा अर्थ.

यावर सेवाधर्माचें पुराण सांगितलें जातें. मे २०२२ मध्यें बाह्यसंस्थांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध राज्यांतील परिचारिकांनीं संप केला, तेव्हां 'यांना रोग्यांची दया नाहीं' असें म्हणणारे सुशिक्षित थोडे नव्हते. 'सिस्टर' म्हणून हांक मारावयाची आणि बहिणीस कोणी राबवूं नये तसें राबवावयाचें, ही आमची दया!

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक कक्षाच्या दाराशीं फळा असावा: आज रोगी किती, परिचारिका किती. तो वाचावयास खासदार नको. रोग्याचा भाऊही वाचील, आणि खापर कोणाच्या माथीं फोडावयाचें तें त्यास कळेल.