तेलही गेले, टोलेही गेले

भिंतीवरचं जुनं लंबकाचं घड्याळ बंद पडलं की आपल्या घरातली तीन माणसं उठतात. पहिला चावी शोधतो, दुसरा स्टूल आणतो आणि तिसरा तेल. पहिल्या दोघांशी माझं भांडण नाही. चावी बहुधा सापडत नाही आणि स्टूल बहुधा डुगडुगतं, त्यामुळे त्यांच्या हातून घड्याळाचं फारसं वाईट होत नाही. तिसरा मात्र घातकी. कारण तेल हटकून सापडतं!

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. जुनी घड्याळं तेलावाचून मरत नाहीत तेवढी तेलानं मरतात.

आमच्या नात्यागोत्यात या तेलवाल्यांचे दोन पंथ आहेत. एक शिरूरचा, एक दौंडचा. मधे न्हावरं आणि चौफुला असल्यामुळे दोघांची गाठ फक्त लग्नकार्यात पडते, हे घड्याळांचं नशीब.

शिरूरचा पंथ स्वयंपाकघरातून येतो. माणसाच्या पोटाला जे चालतं ते घड्याळाच्या पोटाला का चालू नये, असा त्यांचा सवाल. पहिला मान अर्थातच खोबरेलाचा. आता, घोडनदीकाठच्या थंडीत खोबरेलाची बाटली आंघोळीआधी उन्हात ठेवावी लागते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पारा चोवीस-पंचवीस अंशांखाली गेला की ते थिजतं. डोक्याला लावायचं तेल पाच मिनिटं उन्हात ठेवता येतं. घड्याळाला रोज सकाळी गच्चीवर कोण नेणार? दुसरा मान करडईच्या तेलाचा. हे तर हवेत वाळणारं तेल. ते वाळतं म्हणूनच रंगाच्या कारखान्यांतही त्याला मागणी असते. म्हणजे आपण तेल घातलं असं समजतो आणि प्रत्यक्षात आत व्हार्निश मारलेलं असतं.

दौंडचा पंथ कारखानी. १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली तेव्हापासून या गावात आगगाडीशी सोयरीक नसलेलं घर सापडणं कठीण. आमचे दाजी रेल्वेतून निवृत्त झाले. त्यांचा सिद्धान्त असा, "अहो, ज्या तेलावर चाळीस डब्यांची मालगाडी चालते, त्यावर तुमचं एवढंसं घड्याळ चालणार नाही?" नाही चालणार, दाजी. मालगाडीला पुढून इंजिन ओढतं. घड्याळाच्या स्प्रिंगपाशी जोर पैलवानाचा असला, तरी एकेका चाकावरून उतरत तो लंबकापाशी पोचेपर्यंत मुंगीचा उरतो. त्या मुंगीला काकवीतून चालायला लावल्यावर ती किती वाजता पोचणार?

या दोन पंथांत न बसणारे समन्वयवादी असतात. ते शिलाई मशीनचं तेल घालतात. ते पातळ असतं, हे खरं. पण मशीनला शिंपी दर दोन दिवसांनी तेल देतो. घड्याळाला तीन-चार वर्षांतून एकदा द्यायचं असतं. तोवर ते तेल पसरून, उडून कुठच्या कुठे गेलेलं असतं. आणि राकेलवाले तर सर्वांत फसवे. राकेल मारलं की जुना मळ सैल होतो आणि घड्याळ टकटक सुरू होतं. घरात पेढे वाटतात. मग राकेल उडून जातं, उरलंसुरलं तेलही धुतलं गेलेलं असतं, आणि घड्याळ कोरडं चालू लागतं.

इथेच माझ्या विरोधकांचा हुकमी एक्का बाहेर पडतो. "पण चाललं ना?" चाललं! आमच्या वडिलांचं घड्याळही दाजींच्या तेलावर दोन वर्षं चाललं. जुन्या आठवडी चावीच्या घड्याळांची स्प्रिंग दांडगी असते. चिखलातूनही ती चाकं ओढते. मात्र त्या तेलात धूळ बसते, धूळ-तेलाचा पॉलिश पेपर होतो आणि पितळेतल्या भोकात फिरणारं आसाचं पोलादी टोक खरवडलं जातं. भोक लांबट होतं, चाकं एकमेकांपासून सरकतात. मग एक दिवस टोले देणं थांबतं. ज्या टोल्यांवर आम्ही शाळेत गेलो, वडिलांनी औषधं घेतली, आईनं दूध तापवलं, ते टोले. आता प्रत्येक भोकाला बुश बसवल्याशिवाय ते परत यायचे नाहीत. घड्याळ चाललं म्हणजे बरं आहे, असं समजणं म्हणजे म्हातारा अजून शिव्या देतो म्हणजे प्रकृती ठणठणीत, असं समजणं.

जगानं या तेलापायी केवढा घोर घेतला! इंग्लंडातल्या जॉन हॅरिसननं १७२० च्या सुमारास वैतागून तेलच रद्द केलं आणि स्वतःच्या अंगात तेल असलेलं लाकूड वापरून बिनतेलाचं घड्याळ बनवलं. अमेरिकेत डॉल्फिनच्या जबड्यातली चरबी काढली, कारण ती थंडीत थिजत नसे. मोबियस नावाची कंपनी १८५५ पासून हाच उद्योग करत आली. तिच्या दोन-दोन मिलीलिटरच्या बाटल्या मिळतात. आणि आम्ही? आम्ही फोडणीच्या भांड्यातून ओततो!

बरं, ओततो तेही भरपूर. आसाच्या भोकाभोवती वाटीसारखा छोटा खळगा असतो. त्यात बेताचा थेंब टाकला तर तो भोकाला धरून राहतो. जास्त घातला की ओघळतो आणि जाताना भोकातलं तेलही घेऊन जातो. म्हणजे जास्त तेल घातल्यानं भोक कोरडं पडतं. चाकांच्या दात्यांना तर तेल अजिबात नको. जाड तेल स्प्रिंगला, पातळ तेल लंबकाकडच्या बारीक आसांना, आणि हे सगळं केव्हा? घड्याळ खोलून, धुऊन, जुना मळ लाकडी काडीनं भोकाभोकातून काढल्यावर. मळावर नवं तेल घालणं म्हणजे आंघोळ टाळून अत्तर लावणं.

हे काम कारागिराचं, आणि त्याला दिवस दिवस लागतो. आपण मात्र त्याच्या टपरीसमोर उभं राहून म्हणतो, "काही नाही हो, नुसतं तेल सोडा, किती द्यायचे?" तोही बिचारा तेल सोडतो. मग आपण म्हणतो, पूर्वीसारखे कारागीर राहिले नाहीत. राहणार कसे? पूर्ण कामाचे पैसे देणारं गिऱ्हाईक तरी कुठे राहिलंय?

म्हणून शिरूरकर आणि दौंडकर मंडळींना हात जोडून सांगतो. कारागीर मिळेपर्यंत घड्याळ बंद ठेवा. बंद घड्याळ झिजत नाही. घड्याळाला लागणारं तेल टाचणीच्या टोकावर मावतं. घरातलं बाकीचं तेल डोक्याला चोळा. गरज तिथे जास्त आहे.